तात

डिमेलो गार्ड रिटायर झाले त्या संध्याकाळी
पार्सल ऑफिसात माझ्या टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवून गेले.
"रात्रपाळीला ऐक. झोप येणार नाही."

केळीच्या पावत्या फाडता फाडता ऐकलं.
तबला नाही, ढोलकी नाही.
एक गिटार नुसता ठेका धरून बसलेली,
डुग्-चक्, डुग्-चक्,
आणि दुसरी तिच्या अंगावरून
तापल्या तव्यातल्या तिळासारखी तडतडत.
जिप्सी जॅझ, त्यांनी पाकिटावर लिहिलं होतं.
मी एक्केचाळीस वर्षांची.
शाळेच्या गॅदरिंगला टिपऱ्या, त्याही मागच्या रांगेत.

चार महिन्यांचा ओव्हरटाइम, बारा हजार.
जळगावला दुकानातल्या पोरानं काढून दिली
काळी, चकचकीत, गोल तोंडाची.
"मॅडम, नवीन शिकणारे सगळे हीच नेतात."
तार छेडली तर आवाज लांबत राहिला, लांबत राहिला,
आहेर देऊन झाल्यावरही
खुर्ची न सोडणाऱ्या पाहुण्यासारखा.
गोड होता. नाही असं नाही.
पण चक् कुठे होतं त्यात?

मग सुट्टीच्या दिवशी सुरत पॅसेंजर, अमळनेर,
मशिदीमागच्या बोळात
हार्मोनियम दुरुस्त करणारे रज्जाक पिंजारी.
फाटलेले भाते, सुटलेल्या पट्ट्या, सरसाचा वास,
आणि खिळ्याला टांगलेली ती :
तोंड लहान, अंड्याच्या आकाराचं, ओठ मुडपल्यागत,
घोडी चिकटवलेली नाही,
तारांच्या दाबानं उभी आहे तेवढीच.
कुणा बँडवाल्यानं गहाण ठेवली, सोडवलीच नाही.

"राहणार कुठे?"
भुसावळ.
त्यांनी बोटाच्या पेरानं लाकूड ठोकलं.
"मे महिन्यात किती?"
शेहेचाळीस. कधी सत्तेचाळीस.
"मग अखंड फळीची घेऊ नको, तडकेल.
ही पदरावर पदर चिकटवलेली आहे. टिकेल."
खोड्याही लपवल्या नाहीत :
मान किंचित वाकलेली,
तारा उंच, बोटं सोलून निघतील,
वरच्या घरांत बेसूर,
आणि हलक्या तारा पुण्याहून मागवाव्या लागतील.

मग एकदाच वाजवली, तळवा ठेवला.
आवाज आला. गेला.
"लवकर मरी जास ना?"
हो.
"हाऊच पाहिजे तुले?"
हाऊच.

ते हसले. मांडीवर गिटार आडवी घेतली,
आणि म्हाताऱ्या उजव्या हाताला काहीतरी आठवलं.
बाप खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव हिंडायचा,
चोपडा, धरणगाव, पार शिरपूरपर्यंत,
परक्या ओट्यावर बसून लोकांच्या गाद्या पिंजायचा.
तातीवर लाकडी मोगरी :
धुण्-टक्, धुण्-टक्.
"तात आवाज धरी बसनी,
ते कापूस मोकया व्हस नही."
एवढं बोलून परत वाजवू लागले.
मी घड्याळ पाहिलं नाही.
परतीची गाडी गेली असणार.

साडेनऊ हजार.
वर एक नखी, हार्मोनियमच्या मोडक्या पांढऱ्या पट्टीतून
कानशीनं घासून दिलेली, बिस्किटाएवढी जाड.
कव्हर नव्हतं म्हणून गादीच्या जुन्या खोळीत
गुंडाळून दिली.
रात्रीच्या डब्यात एकानं विचारलं, मयताची शिडी आहे का हो?
नाही म्हटलं. जरा सरका.

आता पाळी संपवून आले की सकाळी बसते,
स्वयंपाकघरात, पंखा बंद करून.
डाव्या हाताची चार बोटं भाजल्यासारखी.
डुग् जमतंय.
चक् कधी येतं, कधी नुसतं खरखरतं.
हलवली की आतून अजून कापसाचा पुंजका पडतो.

काल भारंबे वहिनी दारात आल्या.
म्हणाल्या, तुमच्याकडे सकाळी पिंजारी येतो का गं?
किती वर्षांनी आवाज ऐकला.
दर काय घेतो?
आमच्याही दोन गाद्या आहेत.